डेकचं लाकूड आणि त्यावरचा रंग: दोन्हीचा विचार एकदमच करा

उघड्यावरचा लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी लाकूड घेऊन मोकळे होतात आणि रंगाचा विषय निघतो तो फळ्या ठोकून झाल्यावर. तिथेच गडबड होते. कारण कुठलं लाकूड घेतलंय त्यावर ठरतं की त्याला काय लावता येईल, आणि दर वर्षा-दोन वर्षांनी परत हात मारायची तुमची तयारी आहे का त्यावर ठरतं की कुठलं लाकूड घ्यावं, म्हणजे दोन्ही एकाच निर्णयाचे भाग आहेत. आणि या सगळ्याच्या खाली एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: पाऊस पडला, लाकूड भिजलं, एवढ्याने लाकूड सडत नाही, भिजल्यावर त्याला वाळायला मिळालं नाही की सडतं. पुढे जे काही सांगणार आहे, फळीची निवड, दोन फळ्यांमधली फट, पेंट का ऑइल, ते सगळं या एका गोष्टीवर येऊन थांबतं.

आधी लाकडात पाणी वागतं कसं ते बघू. लाकूड मेल्यावरसुद्धा, म्हणजे झाड तोडून फळी झाल्यावरसुद्धा, हवेतली ओल घेत आणि सोडत राहतं. ही ओल टक्क्यांत मोजतात, अगदी कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानाने आत किती पाणी आहे ते. साधारण २८ ते ३० टक्क्यांला एक टप्पा येतो, तिथे पेशींच्या भिंती पाणी पिऊन तुडुंब होतात आणि त्याच्या वरचं पाणी नुसतं पेशींच्या पोकळीत साठतं. या टप्प्याच्या खाली ओल बदलली की लाकूड फुगतं किंवा आकसतं, वर बदलली तर आकारात काही फरक पडत नाही. लाकूड सडवणारी बुरशी जोर धरते तीही या टप्प्याच्या आसपास ओल पोचली की, म्हणून थोडं अंतर राखून लाकूड २० टक्क्यांच्या खाली ठेवा असा नियम पडलाय. बुरशीला ओल लागते, हवा लागते, उबदार वातावरण लागतं आणि खायला लाकूड लागतं. उघड्यावरच्या डेकवर हवा आणि ऊब तुमच्या हातात नाही, उरलं काय तर ओल, आणि लाकूड असं निवडायचं की ते बुरशीला खाताच येऊ नये.

फुगणं-आकसणं पण सगळ्या दिशांना सारखं नसतं हे लक्षात घ्या. लांबीत फळी जवळजवळ हलतच नाही. रुंदीत हलते, आणि त्यातही झाडाच्या वलयांच्या बाजूने जेवढी हलते ते वलयांना आडवं जाताना हलते त्याच्या साधारण दुप्पट असतं. फळीचं टोक बघा, तिथे वलयांच्या रेषा दिसतात. त्या रेषा आडव्या पसरलेल्या कमानीसारख्या दिसत असतील तर ती फळी वाळताना कडांनी उचलली जाणार आणि मध्ये खोलगट होणार, रेषा उभ्या असतील तर ती फळी खूप शांत राहते, कमी हलते आणि रंगही जास्त टिकवते. उभ्या वलयांच्या फळ्या महाग पडतात कारण ओंडक्यातून त्या कमी निघतात. सगळ्या तशा मिळणार नाहीतच, पण ढिगातून निवडायची मुभा असेल तर टोकं बघून निवडा, आणि फार रुंद फळ्या घेऊ नका, जितकी रुंद तितकी हालचाल जास्त. फळीत झाडाचा अगदी मधला बिंदू येत असेल तर ती बाजूला ठेवा, ती हमखास चिरते.

आता टोकाबद्दलच. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी आहे असं समजा, झाडाने मुळातलं पाणी वर चढवायला बनवलेल्या नळ्या. फळीच्या सपाट अंगावरून पाणी आत जायला वेळ लागतो, पण कापलेल्या टोकाला या नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि तिथून ते कित्येक पट वेगाने आत ओढलं जातं. म्हणून कुठलाही जुना डेक बघा, फळ्या सडायला सुरुवात होते ती टोकांना, जिथे दोन फळ्या टोकाला टोक लावून बसवल्यात तिथे, आणि स्क्रूच्या भोकांपाशी. वरून कितीही सुंदर रंग दिला आणि कापलेली टोकं कोरी सोडली तर मग काय उपयोग. काम चालू असताना फळी कापली की तिथल्या तिथे टोकाला दोन हात मारायचे, नंतर करू म्हटलं की ते टोक आत जाऊन बसतं आणि मग तिथे ब्रश पोचत नाही.

लाकूड निवडताना लोक जातीचं नाव विचारतात, साग आहे का, देवदार आहे का. नाव महत्त्वाचं आहेच पण त्याहून आधी बघायचं ते गाभा किती आणि बाहेरचं पांढरट लाकूड किती. झाड जिवंत असताना बाहेरच्या थरातून पाणी-अन्न वाहतं, ते रसकाष्ठ. आतला थर जुना होत जातो तशी त्यात झाड वेगवेगळी रसायनं भरतं, त्यातली बरीचशी बुरशीला आणि किड्यांना विषारी असतात, आणि तो गडद रंगाचा गाभा तयार होतो. टिकाऊपणा असतो तो फक्त गाभ्यात. सागाचं असो नाहीतर कशाचंही असो, रसकाष्ठ टिकत नाही. युरोपात लाकडाच्या टिकाऊपणाचं ईएन ३५० नावाचं मानक आहे, त्यात १ म्हणजे फार टिकाऊ आणि ५ म्हणजे अजिबात न टिकणारं असे पाच वर्ग आहेत, आणि तेही वर्ग गाभ्यालाच दिलेत, रसकाष्ठ सरसकट पाचव्या वर्गात धरतात. तेव्हा सागाच्या नावाखाली अर्ध्या फिकट कडा असलेल्या फळ्या कोणी देत असेल तर तुम्ही अर्धा साग विकत घेताय. लवकर वाढवलेल्या लागवडीच्या सागात जुन्या जंगली झाडाइतका टिकाऊपणा असेलच असं नाही, हेही त्यातच आलं.

गाभ्याने टिकणाऱ्या जातींमध्ये साग आहे, त्यात तेल असतं, ते पाण्याला फार दाद देत नाही, हलतंही कमी, म्हणून जहाजांचे डेक सागाचे करत आलेत. दक्षिण अमेरिकेतलं ईपे सागाहूनही कठीण, इतकं जड की एक घनमीटर हजार किलोच्या आसपास भरतं आणि त्यातले काही तुकडे पाण्यात चक्क बुडतात. त्याला भोक आधी पाडल्याशिवाय स्क्रू जात नाही आणि रंगही सहज शिरत नाही, त्यावर पुढे येतोच. ईपे, कुमारू अशा लाकडांच्या मागे जंगलतोडीचा मोठा प्रश्न आहे, २०२२ साली पनामात झालेल्या साइटीसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणायचं ठरलं आणि ते नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालं, त्यामुळे असं लाकूड घेताना कागदपत्रं मागाच, मी तरी कागद नसलेलं लाकूड घेऊ नये याच मताचा आहे. दुसऱ्या टोकाला वेस्टर्न रेड सिडार आहे, वजनाला अगदी हलकं, घनमीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास, पण गाभ्यातल्या रसायनांमुळे टिकतं चांगलं. मात्र मऊ आहे, खुर्चीचे पाय ओढले की ओरखडे पडतात. म्हणजे कठीण आणि टिकाऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीच लाकूड चांगलं कठीण असतं आणि बाहेर ठेवलं तर लवकर सडतं, ते पाचव्या वर्गातलं.

मग पाइनसारखं स्वस्त, स्वतःहून फार न टिकणारं लाकूड, ज्याला कारखान्यात दाबाने औषध पाजलेलं असतं. जगात डेकसाठी हेच सगळ्यात जास्त वापरतात. फळ्या बंद टाकीत घालून आधी निर्वात करतात आणि मग दाब देऊन तांब्याचे क्षार असलेलं द्रावण आत घुसवतात, फळीवर जी हिरवट झाक दिसते ती तांब्याची. या पद्धतीत एक भारतीय नाव आहे: तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण १९३३ मध्ये सोंटी कामेशम यांनी शोधलं आणि पुढची कित्येक दशकं जगभर ते चाललं. आर्सेनिकच्या काळजीमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापराच्या लाकडासाठी ते बंद केलं गेलं आणि आता तांब्यावर आधारलेली बिनआर्सेनिकची औषधं वापरतात. याबद्दल तीन गोष्टी सांगायच्यात. औषध फळीच्या आरपार गेलेलं नसतं, त्यामुळे जिथे कापाल तिथे आतलं कोरं लाकूड उघडं पडतं, त्याला तांब्याच्या क्षाराचं टोकांना लावायचं औषध वेगळं मिळतं ते लावा. जमिनीला टेकणाऱ्या खांबांना आणि नुसत्या वरच्या फळ्यांना औषधाचं प्रमाण वेगळं असतं, फळीवरची चिठ्ठी वाचून घ्या. आणि या लाकडाचे तुकडे कधीही जाळू नका, चुलीत नाही, शेकोटीत नाही, राखेत आणि धुरात तेच विष येतं. कापताना तोंडाला मास्क हवाच.

अजून दोन प्रकार अलीकडे बरेच दिसतात. एक म्हणजे भाजलेलं लाकूड, ऑक्सिजन न लागू देता साधारण १८० ते २३० अंशांवर तापवलेलं. त्याने लाकडाची पाणी ओढायची खोड कमी होते आणि बुरशीला खाण्याजोगं फारसं उरत नाही, पण लाकूड ठिसूळ होतं म्हणून वजन पेलणाऱ्या तुळयांना ते वापरायचं नाही, वरच्या फळ्यांना चालतं. दुसरं ॲसिटिक ॲनहायड्राइड नावाच्या रसायनाची प्रक्रिया केलेलं पाइन, यात लाकडाच्या रेणूंत जिथे पाणी चिकटतं त्या जागाच आधी भरून टाकतात, त्यामुळे ते फार कमी हलतं आणि त्यावर रंग खूप छान टिकतो. महाग आहे, पण ज्याला डेक रंगीतच हवाय त्याने याचा विचार नक्की करावा.

रंगाकडे जायच्या आधी बांधणीचं थोडक्यात, कारण चुकीच्या बांधणीला कुठलाच रंग वाचवू शकत नाही. दोन फळ्यांमध्ये फट हवी, वाळलेल्या कठीण लाकडाला ५-६ मिलिमीटर, आणि औषध पाजलेलं ओलं लाकूड असेल तर जवळजवळ चिकटून बसवलं तरी वाळल्यावर फट आपोआप पडते. खालून हवा खेळली पाहिजे, डेक जमिनीला टेकवून चारी बाजू बंद करून टाकल्या तर खालची ओल फळ्यांच्या पोटात जाते आणि फळी वरून कोरडी, खालून ओली अशी होऊन वाकते. जमिनीला टेकलेलं लाकूड वाळवीला आयतं आमंत्रण आहे. पाण्याला वाहून जायला थोडा उतार द्या. खोबणी पाडलेल्या फळ्या घसरू नयेत म्हणून घेतात पण त्या खोबणीत माती आणि शेवाळ साठतं, पाणी थांबतं, मला साध्या सपाट फळ्याच बऱ्या वाटतात. आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, समुद्राजवळ असाल तर ३१६ ग्रेडचे. तांब्याचं औषध साध्या लोखंडाला खातं, आणि साग, ओक, सिडार यांसारख्या लाकडांतलं टॅनिन नावाचं तुरट रसायन लोखंडाला लागलं की प्रत्येक स्क्रूभोवती काळा-निळा डाग पडतो जो घासून जात नाही. असा डाग पडलाच तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने तो जातो, हातमोजे घालून.

आता ऊन. लाकूड पाण्याने सडतं तसं उन्हाने झिजतं, आणि ही वेगळी क्रिया आहे. लाकडातल्या तंतूंना चिकटवून ठेवणारा पदार्थ म्हणजे लिग्निन, अतिनील किरण नेमके त्याला फोडतात. हे किरण फार खोल जात नाहीत, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच थांबतात, पण वरच्या त्या पातळ थरातलं लिग्निन फुटलं की पाऊस ते धुऊन नेतो, मागे राहतात ते पांढुरके सैल तंतू, त्यावर बारीक काळी बुरशी बसते आणि लाकूड राखाडी दिसायला लागतं. मऊ लाकूड असं नुसतं उन्हापावसात झिजलं तर शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर जातं. म्हणजे राखाडी झालेला सागाचा डेक खराब झालेला नसतो, फक्त त्याचा वरचा थर बदललेला असतो. टिकाऊ गाभ्याचं लाकूड घेतलं असेल आणि तुम्हाला तो चंदेरी-राखाडी रंग आवडत असेल तर त्याला काहीच न लावणं हा पूर्ण विचार करून घेतलेला, चांगला निर्णय असू शकतो. वर्षातून एकदा ब्रशने धुवायचं, बास.

पण लावायचं ठरलं तर हा सैल थर फार महत्त्वाचा ठरतो. रंग चिकटतो तो या वरच्या थराला, आणि तो थरच खालच्या लाकडाला धरून नसेल तर रंग त्याच्यासकट निघून येणार. नवीन फळी दोन-तीन आठवडे उन्हात पडली तरी रंगाची पकड कमी व्हायला लागते. त्यामुळे "लाकूड वर्षभर मुरू द्या आणि मग रंगवा" हा जो सल्ला फिरत असतो तो पटण्यासारखा नाही. वाळू द्यायचं ते खरं, पण उन्हात उघडं टाकून नाही, आडोशाला रचून, मध्ये पट्ट्या घालून. औषध पाजलेलं लाकूड येतं तेव्हा बऱ्याचदा पाण्याने जड असतं, ते रंगायच्या आधी वाळलंच पाहिजे. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, १५ टक्क्यांच्या आसपास आलं की काम सुरू करायला हरकत नाही. यंत्र नसेल तर फळीवर पाण्याचे चार थेंब टाका, मिनिटभरात शोषले गेले तर लाकूड तयार आहे, थेंब तसेच मोत्यासारखे बसून राहिले तर एकतर लाकूड ओलं आहे किंवा रंध्याने पृष्ठभाग इतका गुळगुळीत झालाय की काही आत जाईना.

आता मुख्य प्रश्न, पेंट, वॉर्निश की ऑइल-स्टेन. यांची दोनच घराणी समजा. एक लाकडावर पापुद्रा तयार करणारं: ऑइल पेंट, ॲक्रिलिक पेंट, वॉर्निश, पॉलियुरेथेन. दुसरं लाकडात मुरणारं: डेक ऑइल, पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक स्टेन, पाणी झटकणारी द्रव्यं. भिंतीला किंवा दाराला पापुद्रा छान काम करतो, पण डेकची फळी आडवी पडलेली असते, तिच्यावर पाणी उभं राहतं, ऊन डोक्यावरून पडतं, वर लोक चालतात, आणि ती सतत फुगत-आकसत असते. पापुद्र्याला कुठेतरी बारीक चीर पडतेच, स्क्रूपाशी, गाठीपाशी, जोडावर. त्या चिरेतून पाणी आत जातं आणि आता तोच पापुद्रा त्याला बाहेर येऊ देत नाही. फळी आतून ओलीच राहते, ऊन पडलं की ती ओल वाफ होऊन वर ढकलते, फुगे येतात, पोपडे सुटतात. आणि पोपड्यांखाली लाकूड सडत असतं ते दिसतही नाही. म्हणून मी डेकच्या चालायच्या फळ्यांना पेंट नको म्हणतो, वॉर्निश तर नकोच नको, पारदर्शक वॉर्निशमधून ऊन थेट लाकडापर्यंत पोचतं, खालचं लिग्निन फुटतं आणि अखंड वॉर्निशसुद्धा कागदासारखं सुटून येतं.

मुरणारी द्रव्यं पोपडे धरत नाहीत कारण सुटून यायला वर थरच नसतो. ती हळूहळू झिजतात, रंग फिका होतो, आणि परत लावायची वेळ आली की नुसतं धुवून, हलकं घासून वरून नवा हात मारायचा, खरवडायची भानगड नाही. किंमत मोजायची ती वारंवारतेची: बिनरंगाचं पाणी झटकणारं द्रव्य साधारण वर्षभर पुरतं, अर्धपारदर्शक स्टेन दोन ते तीन वर्षं. यात रंगद्रव्य असणं का महत्त्वाचं तर उन्हाला अडवतं ते रंगद्रव्यच, विशेषतः लोहाचे ऑक्साइड, तपकिरी-तांबूस छटा देणारे. जितकं जास्त रंगद्रव्य तितकं ऊन अडतं आणि तितक्या लाकडाच्या रेषा झाकल्या जातात, दोन्ही एकदम मिळत नाही. पूर्ण अपारदर्शक स्टेन हे नावालाच स्टेन, वागणूक पेंटचीच, डेकवर त्याचेही पोपडे येतात. आणि फार गडद छटा घेताना विचार करा, उन्हात ती फळी अनवाणी पायाला चटका देते.

जवसाच्या तेलाबद्दल खूप जण विचारतात. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, घरातल्या लाकडाला सुरेख, पण बाहेर नुसतंच लावलं तर बुरशीचं ते खाद्य आहे, काही महिन्यांत डेक काळा पडतो. बाजारात मिळणाऱ्या डेक ऑइलमध्ये तेलाबरोबर बुरशीनाशक आणि रंगद्रव्य असतं, ते घ्या.

लाकूड आणि रंगाची सांगड घालायची ती अशी. ईपेसारख्या घट्ट लाकडात तेल फार शिरत नाही, म्हणून एकच पातळ हात, आणि १५-२० मिनिटांनी जे वर राहिलंय ते फडक्याने पुसून काढायचं, नाही पुसलं तर ते वरच चिकट होऊन बसतं आणि धूळ धरतं. सागाला स्वतःचं तेल असतं, ताज्या घासलेल्या सागावर ऑइल लावा, पेंटचा विचार सोडून द्या. औषध पाजलेलं पाइन बरंच पितं, त्याला अर्धपारदर्शक स्टेनचे दोन हात नीट बसतात. सिडार आणि रेडवूडमधले तपकिरी पदार्थ पाण्यावर आधारलेल्या फिक्या रंगातून वर येऊन डाग पाडतात, तिथे डाग अडवणारं अस्तर लागतं किंवा सरळ तपकिरी छटाच निवडायची. कठड्याचे उभे गज, खांब, पायऱ्यांच्या उभ्या पट्ट्या यांना मात्र पेंट चालतो, पाणी उभं राहत नाही तिथे. छपराखालच्या ओसरीलाही चालतो. तिथे पेंट देणार असाल तर फळी बसवायच्या आधी सहाही बाजूंना अस्तर मारा, दिसणाऱ्या बाजूलाच रंग दिला की न दिसणाऱ्या बाजूने ओल शिरते आणि फळी वाकते.

लावताना काय करायचं. नवीन फळ्यांना ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा, त्याहून बारीक नको, गुळगुळीतपणा इथे तोट्याचा आहे, तेल मुरत नाही आणि पावलं घसरतात. जुना राखाडी डेक असेल तर सोडियम परकार्बोनेटवर आधारलेला लाकडाचा क्लीनर मिळतो त्याने धुवा, मग ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण लावून परत स्वच्छ पाण्याने धुतलं की लाकडाचा मूळ रंग वर येतो. क्लोरीनची ब्लीच वापरू नका, ती लाकडाचे तंतू खाते, आणि ती ऑक्झॅलिकसारख्या आम्लाशी किंवा अमोनियाशी मिसळली तर विषारी वायू तयार होतो. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचा मोह होतो पण नोझल जवळ धरलं तर मऊ लाकूड खरवडून निघतं आणि फळीवर केसाळ तंतू उभे राहतात. धुतल्यावर कोरड्या हवेत निदान दोन दिवस जाऊ द्या, दमट हवा असेल तर जास्त.

दिवस निवडा असा की पुढचा दिवस-दीड दिवस पाऊस नाही, तापमान १० अंशांच्या खाली नाही आणि कडक ऊनही नाही. तापलेल्या फळीवर तेल टाकलं की मुरायच्या आधीच वर सुकतं, म्हणून सावली सरकेल तसं तुम्ही सरका. संध्याकाळी फार उशिरा काम करू नका, रात्री दव पडून न सुकलेल्या थरावर पांढरट डाग येतात. एका वेळी दोन-तीन फळ्या घ्यायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत संपवूनच थांबायचं, मध्येच थांबलात की तिथे दुहेरी रंगाचा पट्टा कायमचा दिसतो. रोलरने किंवा फवाऱ्याने लावलं तरी मागून ब्रश फिरवा, ब्रशने ते तंतूंत दाबलं जातं. तेलाच्या स्टेनचा दुसरा हात पहिला पूर्ण सुकायच्या आत द्यायचा असतो, सुकल्यावर पहिला हातच दुसऱ्याला आत जाऊ देत नाही, पाण्यावर आधारलेल्या प्रकारांत वेगळं असू शकतं, तिथे डब्यावर लिहिलंय ते पाळा.

एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसासारखं सुकणारं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया करताना उष्णता सोडतं, चुरगळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता ती फडकी पेट घेतात, काही तासांनी, घरात कोणी नसताना. अशाने घरं जळालेली आहेत. फडकी उघड्यावर एकेक सुटी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

देखभालीचं म्हणाल तर दर वर्षी एकदा त्याच पाण्याच्या थेंबांनी तपासा, थेंब शोषले जायला लागले की परत हात द्यायची वेळ झाली. रंग पूर्ण उडायची वाट बघितली तर मग घासणं वाढतं. फळ्यांमधल्या फटीत पालापाचोळा साठतो तो काढत राहा, तो स्पंजासारखा ओल धरून ठेवतो. कुंडी थेट फळीवर ठेवू नका, खाली पाय लावा. एखादं जाड टोकाचं हत्यार, स्क्रूड्रायव्हर चालेल, टोकांना आणि जोडांना हलकं टोचून बघा, सहज आत गेलं तर ती फळी बदला, बाकीचा डेक ठीक असतो.

आणि आधीच कोणी पेंट दिलेला, पोपडे सुटलेला डेक हाती आला असेल तर त्याच्यावर नवा पेंट देऊ नका, नवा थर सैल थरावर बसतो आणि त्याच्याबरोबर निघतो. पूर्ण खरवडून लाकडापर्यंत जावं लागतं, तेव्हाच मुरणारं ऑइल लावता येतं. पेंट खूप जुना असेल तर घासायच्या आधी शिशाची चाचणी करून घ्या, शिशाची धूळ लहान मुलांना फार घातक असते. फळ्या जाड असतील तर अजून एक रस्ता आहे: स्क्रू काढून फळी उलटी करायची, खालच्या बाजूला उजेड लागलेला नसतो, तिथलं लाकूड बरेचदा चांगलं निघतं, ते घासून, टोकं तेलाने भिजवून, नव्या जागी भोकं पाडून परत बसवायचं.